आपल्या भागातील फुलवेली आणि त्यांची निगा

गंजातील आमच्या दुकानी तुरीचा नमुना दाखवावयास येणाऱ्यांपैकी बरेच जण, सौद्याचे बोलणे संपले की, मागल्या अंगणातील मांडवाकडे पाहतात आणि एकच प्रश्न विचारतात : "सावकार, आमची जुई पिवळी का पडते?" कोणी ती पुण्याच्या रोपवाटिकेतून आणलेली असते, कोणी हैदराबादेहून. पहिल्या वर्षी ती हिरवीगार वाढते, दुसऱ्या वर्षी पिवळी पडते आणि तिसऱ्या उन्हाळ्यात जाते. गेली तीस वर्षे हा प्रश्न मी ऐकत आलो आहे. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा बाजारभावाखेरीज दुसऱ्या एखाद्या विषयावर लिहावे अशी सूचना केली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे मनात आले. मी वनस्पतिशास्त्र शिकलेला नाही. मॅट्रिकनंतर वडिलांच्या गादीवर बसलो तो आजतागायत तेथेच आहे. परंतु एक वेल माझ्या हातून मेली आहे, आणि तिच्यामुळे जे शिकावे लागले तेच येथे सांगावयाचे आहे.

आमचे मूळ घर बीदरचे. बीदर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० फूट उंचीवरील जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. तेथील माती तांबडी, कारण तिच्यात लोखंडाचा अंश विपुल. पाणी तिच्यात थांबत नाही, खाली झिरपून जाते. झिरपलेले हे पाणी वापरात आणण्यासाठीच बहमनी काळात तेथे जमिनीखालून सुरंगबावीचा कालवा खोदण्यात आला. अशा मातीत आमच्या वाड्याच्या चौकात आईने लावलेली जुई होती. तिला कोणी खत घातल्याचे मला स्मरत नाही. उन्हाळ्यात सकाळी स्वयंपाकघरातील तांदळाचे धुवण तिच्या बुंध्याशी पडे, एवढीच तिची निगा. ज्येष्ठात संध्याकाळी साऱ्या चौकात तिचा वास भरून राही.

सन १९८८ मध्ये व्यापाराच्या सोयीसाठी आम्ही गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, नवे घर बांधले. (शहराचे नाव सन २०१४ मध्ये बदलले, जुन्या चोपड्यांत गुलबर्गा असेच लिहिलेले आहे.) आईने त्या जुईचे एक कलम कुंडीतून आणले. गवंड्यांचे काम आटोपल्यावर कुंपणाच्या भिंतीलगत मी स्वतः हातभर खड्डा खणला, त्यात शेणखत घातले आणि रोप लावले. पहिल्या वर्षी वेल गच्चीपर्यंत गेली. दुसऱ्या पावसाळ्यात शेंड्याची नवी पाने पिवळी निघू लागली. भूक लागली असेल असे समजून मी आणखी खत घातले. पिवळेपणा वाढला. मग युरिया घातला, मग पाणी वाढविले. १९९१ च्या वैशाखात ती वाळली. आई त्यावर काही बोलली नाही; मात्र दुसऱ्या दिवसापासून ती बाजारातून जुईची पुडी मागवू लागली.

पुढे कृषिखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ दुकानी आले असता त्यांनी तो खड्डा पाहिला. त्यांनी घरातून सिरका मागविला आणि खड्ड्यातील कोरड्या मातीच्या ढेकळावर त्याचे चार थेंब टाकले. माती सोड्यासारखी फसफसली. हा मातीतील चुना. खड्डा मी जेथे खणला होता तेथे गवंड्यांनी गिलाव्याचे पडलेले चुन्या-सिमेंटचे तुकडे पुरले होते. पण तो केवळ वरचा भाग झाला. आपल्या जिल्ह्याची काळी जमीनच मुळी चुनखडीची आहे. नांगरताना वर येणारे पांढरे खडे सर्वांच्या पाहण्यातील आहेत. शहाबादची फरशी चुनखडकाचीच, आणि वाडी व सेडम येथील सिमेंटचे कारखानेही त्याच खडकाच्या आधारे उभे राहिले.

येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. गुलबर्ग्याच्या तूरडाळीस सन २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. या डाळीची चव येथील जमिनीतील चुना व पालाश यांमुळे येते असे सांगितले जाते. ज्या चुन्यावर आपली दुकाने चालतात तोच चुना जुईच्या मुळावर येतो! कारण असे की, झाडास हिरवेपणा येण्यासाठी थोडे लोह लागते. आपल्या काळ्या मातीत लोह नाही असे नाही, परंतु चुन्यामुळे ते पाण्यात विरघळत नाही आणि म्हणून मुळांना घेता येत नाही. तिजोरीत रक्कम असावी आणि किल्ली हरवावी, तशातला प्रकार. अशा झाडाला अधिक शेणखत घातले, अधिक पाणी दिले, तरी किल्ली सापडत नाही. उलट काळ्या मातीत पाणी साचून मुळांचा श्वास कोंडतो आणि जे थोडे लोह मिळत असते तेही मिळेनासे होते. मी नेमके हेच केले होते.

यास्तव पाने पिवळी दिसताच प्रथम कोणती पाने पिवळी आहेत ते पाहावे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असे असेल तर तो लोहाचा तुटवडा. शेतकरी याला केवडा म्हणतात. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर खताची उणीव असण्याचा संभव अधिक. सारीच पाने मलूल आणि माती ओली असेल तर पाणी फार झाले. ही तीन दुखणी लांबून सारखीच दिसतात, आणि तिन्हींवर आपण एकच औषध करतो : आणखी पाणी!

केवड्यावर उपाय सोपा व स्वस्त आहे. बाजारात हिराकस मिळतो. तो एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम विरघळवून, त्यात थोडा लिंबाचा रस पिळून, सायंकाळी उन्हे उतरल्यावर पानांवर फवारावा आणि हिरवेपणा येईपर्यंत महिन्यातून एकदा तसे करावे. मातीत घालू नये. चुन्याशी गाठ पडताच तो निरुपयोगी होतो. फरशीवर सांडल्यास तांबडे डाग पडतात आणि ते निघत नाहीत, हे घरातील स्त्रीवर्गाकडून ऐकावयाचे नसेल तर आधीच जपावे.

मात्र ही झाली मलमपट्टी. कायमचा उपाय लावतानाच करावयास हवा. आमच्या काळ्या जमिनीत खोल खड्डा खणून तो चांगल्या मातीने भरणे म्हणजे मातीची परात करून ठेवणे होय. पावसाळ्यात चहूकडचे पाणी तिच्यात उतरते. त्यापेक्षा जमिनीवर विटांचा दोन फूट उंचीचा ओटा बांधावा, त्याचा तळ मोकळा ठेवावा, आणि त्यात बीदर-हुमनाबादकडील तांबडी माती दोन भाग व चांगले कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण भरावे. ओट्याच्या विटा चुन्यात बांधू नयेत, हे आता सांगावयास नको. नव्या बांधकामाच्या भिंतीपासून तो हातभर दूर असावा. १९९३ च्या पावसाळ्यात मी असा ओटा केला. तोवर बीदरचा वाडा विकला गेला होता आणि चौकातील मूळ वेलही त्याबरोबर गेली होती. पण आईने पूर्वी एक कलम माझ्या थोरल्या बहिणीस तिच्या सासरी बीदरातच दिले होते. त्या वेलीचे कलम आणून ओट्यात लावले. आज मागल्या अंगणात जी आहे ती हीच.

पाण्यासंबंधी दोन शब्द. आमच्या कूपनलिकांचे पाणी जड. किटलीच्या तळाशी जी पांढरी खरपुडी बसते तीच हळूहळू कुंडीतही साठते. म्हणून पावसाचे पाणी गच्चीवरून पिंपात उतरवून घ्यावे आणि निदान जाई, जुई, मोगरा यांसाठी राखावे. हल्ली घरोघरी पाणी शुद्ध करण्याची यंत्रे बसली आहेत. त्यांतून टाकाऊ म्हणून बाहेर पडणारे पाणी पुष्कळ जण काटकसर म्हणून कुंड्यांना घालतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातील क्षार अधिकच दाट झालेले असतात. त्याने अंगण धुवावे, कुंडीत ओतू नये. याउलट वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतील बाष्पाचे असल्याने हलके असते. आमच्या सुनेने ही युक्ती काढली आणि आता उन्हाळाभर गच्चीवरील दोन पिंपांतल्या वेली त्यावर पोसतात.

कोणती वेल निवडावी हे ठरविण्यापूर्वी वेल चढते कशी ते पाहणे अगत्याचे आहे. श्रवणबेळगोळ येथील भगवान बाहुबलींची मूर्ती, जी चामुंडरायांनी इ. स. ९८१ च्या सुमारास घडविली, तिच्या पायांवर व बाहूंवर चढलेली वेल आपण सर्वांनी पाहिली आहे. ती माधवी समजली जाते. नावाच्या सारखेपणामुळे कित्येक जण तिला मधुमालतीच मानतात, परंतु माधवी ही निराळी, रानातील दांडगी वेल. शिल्पकाराने तेथे तिचा मुख्य गुण अचूक टिपला आहे : वेलीला स्वतःचा ताठ कणा नसतो, स्थिर उभे राहिलेले काही मिळाले की ती त्याच्या आश्रयाने वर जाते.

तथापि प्रत्येक वेलीची चढण्याची रीत वेगळी. जुई आणि गोकर्ण शेंड्याने आधाराभोवती वळसे घेतात. त्यांचे वळण ठरलेले असते. हाताने उलट दिशेने गुंडाळल्यास त्या उलगडून पुन्हा आपल्याच दिशेने वळतात. बारीक आधार त्यांना लगेच सापडतो, जाड गुळगुळीत खांब कवेत येत नाही. म्हणून खांबाला काथ्याची दोरी सैल गुंडाळून द्यावी. उघडी लोखंडी तार वैशाखात इतकी तापते की कोवळे शेंडे करपतात. कृष्णकमळ स्प्रिंगसारख्या तणाव्यांनी पकडते. तिला जाळी हवी. बोगनवेल खरोखर चढत नाही, काट्यांनी अडकत अडकत दुसऱ्याच्या अंगावर रेलते. तिला जागोजागी बांधावे लागते. मधुमालतीही गळून गेलेल्या पानांच्या देठांचे राहिलेले बोथट काटे आकड्यांसारखे वापरते. गोकर्ण व गणेशवेल या हलक्या वेलींसाठी तुराट्यांचा मांडव पुरेसा आहे. एक हंगाम टिकतो आणि नंतर जळणाला जातो. जुईला मात्र लोखंडी नळ्यांचा पक्का मांडव करावा. पाच वर्षांनी पावसाने भिजलेल्या वेलीचे वजन काय होते ते, आमचा पहिला बांबूचा मांडव ज्या रात्री बसला त्या रात्री समजले.

आता वेलींविषयी. जुई आणि जाई यांत लोकांचा नेहमी घोटाळा होतो. जुईचे पान बहुधा एकटे दिसते व त्याच्या देठाशी दोन इवल्या कानांसारखी पाने असतात. जाईचे पान मात्र सात ते नऊ लहान दलांचे असते. जाईला कानडीत जाजी मल्लिगे म्हणतात. तिच्या पाच पाकळ्यांना पाठीमागून गुलाबी झाक असते. मोगरा, म्हणजे दुंडु मल्लिगे, ही वेलीपेक्षा झुडुपाच्या वळणावर जाणारी. तिघींनाही फूल येते ते नव्या फुटीवर. छाटणी केल्यास वेल रुसेल या समजुतीने पुष्कळ जण तिला हात लावीत नाहीत; मग वर काटक्यांचे जंगल होते आणि फुले पत्र्यावर, जेथे कोणाचा हात पोहोचत नाही तेथे येतात. मोगरा कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास, जाई डिसेंबरच्या अखेरीस आणि जुई जानेवारीच्या अखेरीस छाटावी. छाटणीपूर्वी पंधरा दिवस पाणी तोडून ताण द्यावा, रोगट व वाळकी काष्ठे समूळ काढावीत, मग खत व पाणी द्यावे. मांडवावरील जुईच्या मुख्य फांद्या राखून बाजूच्या फांद्या वीतभर ठेवल्या तरी पुरे. पहिल्या वर्षी कात्री चालविताना माझा हात थरथरला होता. त्या वर्षी जितकी फुले आली तितकी त्यापूर्वी कधी आली नव्हती.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी मधुमालती लावावी. चुन्याचे तिला विशेष वाटत नाही, आमच्या उन्हालाही ती पुरून उरते. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि पुढे तांबडे होते, त्यामुळे एकाच घोसात तीन रंग दिसतात. पांढऱ्या अवस्थेत ते रात्रीच्या पतंगांना बोलाविते, रंग चढल्यावर दिवसाच्या मधमाश्यांना. मात्र तिला लहान जागा देऊ नये. आमच्या शेजाऱ्यांकडे तिने विजेच्या मीटरची पेटी पार झाकून टाकली आणि मीटर वाचणारा मनुष्य दोन महिने परत गेला.

बोगनवेलीचे नाव बुगॅनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीवरून पडले. त्याच्या पृथ्वीप्रदक्षिणेत सोबत असलेल्या कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर ती टिपली. आपण ज्याला तिचे फूल म्हणतो ती रंगीत पाने होत. खरे फूल आतील पांढरी बारीक नळी. ती पाण्याविना फुलते आणि पाणी फार दिले की नुसती पालवते. दुर्लक्ष हीच तिची निगा, म्हणून ती दुकानदारांना फार सोयीची.

गोकर्णाविषयी आपल्यासारख्यांना आपुलकी वाटावी, कारण ती तुरीचीच भाऊबंद. तिच्या मुळांवरही तुरीप्रमाणे गाठी असतात आणि हवेतील नत्र ती स्वतः मिळविते. शेंगा वाळल्या की बी ठेवावे, रात्रभर भिजवून मृगाच्या पावसावर टोकावे. काळ्या मातीत ती खुशाल येते. संक्रांतवेल नावाप्रमाणे पौष-माघात नारिंगी फुलांनी झाकून जाते, नेमकी तेव्हा जेव्हा नव्या तुरीची आवक जोरात असून आपणांस मान वर करून पाहावयास सवड नसते. तिची छाटणी फुले संपताच करावी. पावसाळ्यानंतर केली तर पुढील संक्रांत कोरडी जाते.

एका वेलीवरून आमच्या घरी वाद झाला तो सांगतो. जांभळ्या फुलांची एक सुरेख वेल मी रोपवाटिकेतून आणली. तिचे पान चुरगळले असता लसणाचा वास येतो, म्हणून तिला लसूणवेल म्हणतात. आमच्या काकूंनी, ज्यांच्या स्वयंपाकघरात लसणाची पाकळी कधी आली नाही, ती उंबऱ्याबाहेर ठेवावयास लावली. ती कंद नव्हे, लसणाशी तिचे नातेही नाही, हे परोपरीने सांगून पाहिले. शेवटी ती फाटकापाशी लावण्यात आली आणि तेथे उत्तम फुलते. येणारे-जाणारे थांबून पाहतात. काकूही पाहतात, मात्र पानाला हात लावीत नाहीत.

किडीचा प्रश्न आपल्या घरांतून नाजूक आहे, कारण विषारी फवारा कोणासच नको असतो. माझा अनुभव असा की बहुतेक वेळी त्याची गरजही नसते. उन्हाळ्यात पानांच्या पाठीवर बारीक जाळे व लाल ठिपके दिसतात ते लाल कोळी. कोरडी हवा व धूळ त्यांना मानवते. दिवसाआड सकाळी पानांच्या पाठीवर नळाच्या पाण्याची धार सोडीत राहिल्यास त्यांचे बस्तान बसत नाही. कृष्णकमळाची पाने काटेरी अळ्या खातात. त्यांची पुढे नारिंगी फुलपाखरे होतात. वेल महिनाभर बोडकी दिसते आणि पुन्हा फुटते. मी तिच्याकडे पाहत बसतो, काही करीत नाही. जुईच्या कळ्या पोखरणारी अळी मात्र हाताने पोखरलेल्या कळ्या वेचून दूर ठेवूनच आवरावी लागते.

उन्हाळा हा आपल्याकडील खरा कसोटीचा काळ. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळी मुळे अक्षरशः तुटतात. बुंध्याशी आच्छादन घालणे हा त्यावर उपाय. आपल्याकडे दालमिलचे तुरीचे टरफल फुकट म्हणावे इतके स्वस्त मिळते. ते चार बोटे जाड पसरावे. त्यात चुणी मिसळलेली नसावी. मी एकदा चुणीसकट पसरले आणि आठ दिवसांत साऱ्या गंजातील उंदीर आमच्या जुईखाली मुक्कामास आले. तागाचे जुने बारदान भिजवून बुंध्याशी अंथरले तरी चालते. प्लास्टिकच्या विणीच्या गोण्या मात्र नकोत, त्यांखाली माती भाजते. पश्चिमेच्या भिंतीशी, विशेषतः पुढे फरशीचे अंगण असेल तर, जुई लावूच नये. पूर्वेची बाजू तिला मानवते.

शेवटी कलमाविषयी. जुईचे दाबकलम कोणासही जमते. गेल्या वर्षीची पेन्सिलीएवढी जाड, जमिनीजवळची फांदी निवडावी. तिच्या पेराखाली बोटभर तिरका काप द्यावा, फांदी तोडू नये. तो भाग तांबड्या मातीच्या कुंडीत दाबून वर विटेचा तुकडा ठेवावा आणि शेंडा मोकळा सोडावा. मुळे धरावयास तीन ते चार महिने लागतात. चातुर्मासात माती उकरणे आमच्या घरी टाळतात, म्हणून हे काम मी आषाढ शुद्ध चतुर्दशीपूर्वी उरकतो आणि कलम तोडतो ते दिवाळीनंतर. हिशेब आपोआप जुळतो. आईच्या हयातीत ती या कामावर देखरेख करी. वीट नीट बसली नाही तर पुन्हा ठेवावयास लावी. दरवर्षी आठ-दहा कुंड्या होतात. ज्या सभासदांना कलम हवे असेल त्यांनी ज्येष्ठ महिन्यात दुकानी निरोप ठेवावा, म्हणजे त्यांच्या नावाची फांदी दाबून ठेवता येईल. ओटा बांधून तयार ठेवावा, आणि रोप त्यात उतरविल्यावर रिकामी कुंडी कृपया परत पाठवावी.